कुठलं अ‍ॅप सेफ? आधी सांगा, कोणापासून सेफ?

घरात फोनमधलं जरा जास्त कळतं म्हणून ते खातं माझ्याकडे आलंय, त्यामुळे वर्षातून तीन-चारदा तरी एक प्रश्न ठरलेला असतो, "अगं ते व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकू का? सगळं वाचतात म्हणे ते." कुठूनतरी एखादा व्हिडिओ फॉरवर्ड झालेला असतो (तोही व्हॉट्सअ‍ॅपवरच), त्यात एक जण घाबरवून सांगत असतो की तुमचं सगळं बघितलं जातंय, मग दोन दिवस सगळे जपून बोलतात आणि तिसऱ्या दिवसापासून परत जैसे थे.

हल्ली मी उलट विचारते, की तुला लपवायचंय कोणापासून? इथे समोरचा गडबडतो, कारण हा विचार कोणी केलेलाच नसतो. जाहिराती विकणाऱ्या कंपनीपासून? सरकारपासून? चोरापासून? ऑफिसपासून? की घरातल्याच कुणापासून? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि एकासाठी भारी असलेलं अ‍ॅप दुसऱ्याच्या बाबतीत काडीचाही उपयोग नसलेलं असू शकतं.

जानेवारी २०२१ आठवतोय ना? व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की एक नोटीस यायची, आमची नवीन पॉलिसी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा नाहीतर अ‍ॅप वापरता येणार नाही. जगभर गोंधळ. इलॉन मस्कने दोन शब्दांचं ट्वीट टाकलं, सिग्नल वापरा, आणि इतके लोक एकदम त्या मेसेजिंग अ‍ॅपवर घुसले की थोड्याच दिवसांत सिग्नलचे सर्व्हर झोपले, जवळपास दिवसभर मेसेज जाईनात. टेलिग्रामने सांगितलं की ७२ तासांत आमच्याकडे अडीच कोटी नवे लोक आले. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपला तारीख १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. मीपण त्या लाटेत आमचा अख्खा फॅमिली ग्रुप सिग्नलवर नेला होता, एकेकाला फोन करून, अ‍ॅप उतरवून, नंबर टाकून. दीड महिना टिकला. मग एकेक जण परत, आणि शेवटी मीपण परत, कारण लग्नाची तारीख बदललेली मला सगळ्यात शेवटी कळली.

आता यातली गंमत बघा. ती नवी पॉलिसी मुख्यतः आपण दुकानांशी, बँकांशी, कंपन्यांशी जे चॅट करतो त्याबद्दल होती, आपल्या आईला पाठवलेल्या मेसेजबद्दल नव्हतीच. आणि मालक कंपनी फेसबुकला आपली माहिती देणं तर २०१६ पासूनच सुरू होतं. म्हणजे लोक पळाले ते चार-साडेचार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या गोष्टीला घाबरून, आणि त्यातले कितीतरी पळून गेले टेलिग्रामवर, जिथे साधं चॅट व्हॉट्सअ‍ॅपइतकंसुद्धा कुलूपबंद नसतं.

ते कसं, हे कळायला कुलपाचा प्रकार समजून घ्यायला लागेल. गणित येत नसलं तरी चालतं, मलाही येत नाही.

समजा मी माझी हजारभर कुलुपं उघडी करून जगात वाटून टाकली आणि किल्ली मात्र एकच, ती माझ्याच खिशात. ज्याला मला काही पाठवायचंय त्याने पेटीत घालायचं आणि माझं कुलूप दाबून बंद करायचं, बास. एकदा दाबलं की ज्याने बंद केलं त्यालाही उघडता येत नाही, पेटी घेऊन येणाऱ्यालाही नाही, फक्त मलाच. अनोळखी माणसांनी भर बाजारात, सगळे ऐकत असताना बोलूनसुद्धा आपल्या दोघांपुरतं गुपित ठरवायचं कसं, याची युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये छापली होती आणि आजची सगळी मेसेजिंग अ‍ॅप्स कुठे ना कुठे त्याच युक्तीच्या वंशातली आहेत. याला एंड टू एंड एन्क्रिप्शन म्हणतात, म्हणजे या टोकाला बंद, त्या टोकाला उघडं, मधल्या कुणाला काही दिसत नाही, अ‍ॅपच्या कंपनीलासुद्धा नाही.

सिग्नलवाल्यांनी, म्हणजे ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक या दोघांनी, यात अजून एक भारी गोष्ट केली. किल्ली दर मेसेजला बदलत राहते आणि जुनी फेकून दिली जाते. त्यामुळे उद्या कुणी माझा फोन फोडून आजची किल्ली काढली तरी त्या किल्लीने मधल्या वाटेत पकडून ठेवलेले मागच्या वर्षीचे मेसेज उघडत नाहीत. आणि हेच कुलूप, अगदी हेच, व्हॉट्सअ‍ॅपने घेतलं आणि एप्रिल २०१६ पर्यंत सगळ्यांना लावून टाकलं. त्यामुळे "व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचतं" हे जे सरसकट म्हणतात ते बरोबर नाही. कुलूप सिग्नलचंच आहे.

एक बारीक गोष्ट. समोरच्याचं कुलूप म्हणून मला जे मिळालं ते खरंच त्याचंच आहे की मध्ये कुणी आपलं सरकवलंय, हे कसं कळणार? त्यासाठी दोन्ही अ‍ॅप्समध्ये ६० आकड्यांचा एक नंबर असतो, दोघांच्या फोनवर सारखाच दिसला पाहिजे, भेटल्यावर क्यूआर स्कॅन करूनही जुळवता येतो. मी आयुष्यात मोजून तीन वेळा जुळवलाय, तुम्ही बहुतेक एकदाही नसेल. निदान एवढं करा की व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी नोटिफिकेशन चालू करा, म्हणजे समोरच्याचा कोड बदलला की कळतं. बहुतेक वेळा त्याने नवीन फोन घेतलेला असतो, पण "पैसे पाठव लगेच" असा मेसेज आणि कोड बदलल्याची सूचना एकाच दिवशी आली तर आधी फोन करून आवाज ऐका.

टेलिग्रामचं साधं चॅट वेगळं आहे. पेटी तुमच्याकडून निघते तेव्हा बंद, टेलिग्रामच्या गोदामात पोचली की उघडायची किल्ली त्यांच्याकडे, मग परत बंद करून समोरच्याकडे. म्हणूनच तर नव्या फोनवर लॉगिन केलं की दहा वर्षांचं सगळं जसंच्या तसं समोर येतं, ती सोय फुकट आलेली नाही. खरं कुलूप हवं असेल तर सिक्रेट चॅट म्हणून वेगळं सुरू करावं लागतं, ते फक्त दोघांमध्येच होतं, ग्रुपसाठी ती सोयच नाही. त्यांची २ लाख लोकांची ग्रुप्स, चॅनेल्स, मोठमोठ्या फायली, सगळं झकास आहे, मी स्वतः वापरते, पण चौकातला फळा म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचा मालक पावेल दुरोव्हला फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने नियम बदलले, की कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस (म्हणजे फोनचा इंटरनेटवरचा पत्ता) आम्ही देऊ शकतो. गुन्हेगारी थांबायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही, पण "आमचं अ‍ॅप म्हणजे गुप्तपणा" या जाहिरातीवर ज्यांनी विश्वास ठेवला होता त्यांना हे आधी कळायला हवं होतं.

मग व्हॉट्सअ‍ॅपला कुलूप आहे तर झालं की, तक्रार कसली?

तक्रार गेटवरच्या रजिस्टरची आहे. मोठ्या इमारतीच्या गेटवर वॉचमन वही घेऊन बसलेला असतो ना, कोण आलं, कुणाकडे आलं, किती वाजता, किती वाजता गेलं. आत घरात काय बोलणं झालं त्याला माहीत नाही. पण सहा महिन्यांची ती वही शांतपणे वाचत बसलात तर कोणाकडे डॉक्टर येतो, कोणाकडे वकील येतोय, कोण कोणाकडे दुपारी तीनला येतं आणि कोणाकडे पूर्वी रोज येणारं माणूस एकदम यायचं बंद झालं, हे सगळं कळेल, संवाद एकही न ऐकता. टेक्निकल भाषेत या वहीला मेटाडेटा म्हणतात आणि हा शब्द इतका कोरडा आहे की ऐकून कुणाला भीतीच वाटत नाही, हाच प्रॉब्लेम आहे.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८०० हून जास्त स्वयंसेवकांच्या फोनचं नुसतं रजिस्टर तपासलं, कुणी कुणाला किती वेळ फोन केला एवढंच, बोलणं काहीही नाही, आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या एकाच्या कॉल्सवरून त्यांनी ओळखलं की याला हृदयाच्या ठोक्यांचा आजार आहे, आणि तो खरंच होता. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकल हेडन तर २०१४ मध्ये जाहीर कार्यक्रमात सरळ म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो. म्हणजे वहीची किंमत वाचणाऱ्याला बरोबर माहीत असते.

व्हॉट्सअ‍ॅपकडे ही वही आहे. तुमचा नंबर, तुमची फोनबुक दिली असेल तर त्यातले नंबर, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, ग्रुपचं नाव काय, कधी ऑनलाइन असता, कुठला फोन, कुठला आयपी. एफबीआयचा जानेवारी २०२१ चा एक अंतर्गत कागद नंतर बाहेर आला, कुठल्या अ‍ॅपकडून कायदेशीररीत्या काय मिळतं याचा तक्ताच होता तो, त्यात व्हॉट्सअ‍ॅपपुढे लिहिलं होतं की कुणी कुणाला मेसेज केला ही माहिती दर १५ मिनिटांनी मिळू शकते. मजकूर नाही, नुसतं कोण आणि कुणाला. आणि सिग्नलपुढे? खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, संपलं.

हे सिग्नलचं नुसतं बोलणं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) त्यांच्याकडे माहिती मागितली होती, त्यांनी खरोखर त्या दोनच तारखा दिल्या कारण तिसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच. वहीच ठेवायची नाही म्हणजे कुणी मागितली तरी द्यायचा प्रश्न येत नाही. २०१८ पासून तर त्यांनी अशी सोय केली की पाठवणाऱ्याचं नावही पेटीच्या आत, बाहेर फक्त कुणाला द्यायची एवढंच.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. व्हॉट्सअ‍ॅप ज्या दोघांनी २००९ मध्ये सुरू केलं त्यातला एक ब्रायन अ‍ॅक्टन. २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी घेतली, जाहीर झालेला आकडा १९ अब्ज डॉलर. जाहिराती नकोत म्हणणारी ही माणसं, आणि विकलं कुणाला तर जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला, आता यावर काय बोलणार. २०१७ मध्ये अ‍ॅक्टन बाहेर पडला, २०१८ मध्ये त्याने ५ कोटी डॉलर घालून मॉक्सीबरोबर सिग्नल फाउंडेशन काढलं आणि त्याच वर्षी फेसबुक डिलीट करा म्हणून ट्वीटही केलं. आणि जून २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर करून टाकलं की स्टेटसच्या टॅबमध्ये आता जाहिराती येणार. वही ठेवणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे बघून वहीचं पुढे काय होणार याचा अंदाज येतो. सिग्नल देणग्यांवर चालतं. ही जमेची बाजूही आहे आणि काळजीचीपण, कारण वर्षाचा खर्च ५ कोटी डॉलरच्या घरात जाईल असं त्यांनीच २०२३ मध्ये लिहिलं होतं, आणि लोक फुकट अ‍ॅपला देणगी देतील ही आशा मोठीच आहे.

सिग्नल म्हणजे देवमाणूस असंही नाही हां. नंबराशिवाय खातं उघडत नाही. समोरच्याला नंबर न दाखवता युजरनेम द्यायची सोय आली ती २०२४ मध्ये, किती उशिरा. सर्व्हरचा कोड सगळ्यांना बघायला खुला ठेवतो म्हणणाऱ्यांनी २०२०-२१ मध्ये जवळपास वर्षभर नवा कोड टाकलाच नव्हता आणि लोक विचारून विचारून दमले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांचे व्हेरिफिकेशनचे एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाली तेव्हा साधारण १,९०० लोकांचे नंबर उघडे पडले. मेसेज नाही उघडले, कारण ते तिथे नव्हतेच, पण नंबर हे त्यांचं दुखणं आहेच.

आता कुलूप झालं, वही झाली. सगळ्यात जास्त चोऱ्या होतात त्या तिसऱ्याच ठिकाणी, जिथे कुलूपही नसतं आणि वॉचमनही नसतो.

एक म्हणजे बॅकअप. बॅकअप चालू असेल तर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप सगळ्या चॅटची कॉपी गुगल ड्राइव्हवर नाहीतर आयक्लाउडवर ठेवतं. वर्षानुवर्षं ती कॉपी एंड टू एंड बंद नसायची, म्हणजे पुढच्या दाराला तिजोरीचं कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी. ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने बॅकअपलाही कुलूप दिलं, पासवर्ड नाहीतर ६४ आकडी किल्ली, पण ते तुम्ही जाऊन चालू करायचं असतं, आपोआप होत नाही. आत्ता हा लेख बाजूला ठेवून करा, सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप, दोन मिनिटांचं काम आहे. पासवर्ड मात्र कुठेतरी लिहून ठेवा, विसरलात तर व्हॉट्सअ‍ॅपही उघडून देऊ शकत नाही, आणि हेच तर हवं होतं ना आपल्याला! अ‍ॅपलच्या आयमेसेजचंही असंच, चॅट बंद पण आयक्लाउडच्या साध्या बॅकअपमध्ये किल्ली अ‍ॅपलकडे, २०२२ च्या शेवटी त्यांनी अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन आणलं ते चालू केलं तरच पूर्ण बंद, आणि ब्रिटनमध्ये सरकारशी भांडण झाल्यावर २०२५ मध्ये ते तिथून काढूनही घ्यावं लागलं.

आणि तुम्ही हे सगळं केलंत तरी चॅट दोघांचं असतं. समोरच्याचा बॅकअप उघडा असेल तर तुमचे मेसेज तिथे आहेतच.

दुसरं म्हणजे समोरचा माणूसच. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे त्या वेळचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी येमेनवरच्या हल्ल्याचं बोलणं ज्या सिग्नल ग्रुपवर चालू होतं त्यात चुकून एका पत्रकाराला, 'द अटलांटिक'च्या संपादकालाच अ‍ॅड केलं. कुलूप जगातलं सगळ्यात चांगलं आणि आत बसलेला माणूस चुकीचा. एन्क्रिप्शनने आपलं काम चोख केलं, त्या संपादकापर्यंत प्रत्येक मेसेज अगदी सुरक्षित पोचला. तुमच्या ग्रुपमध्ये किती नंबर असे आहेत ज्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत, मोजून बघा एकदा. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी तुम्हाला रिपोर्ट केलं तर शेवटचे पाचपर्यंत मेसेज कंपनीकडे उघडे जातात, कारण रिपोर्ट करणाऱ्याच्या फोनवर ते उघडेच असतात. यात कुलूप मोडलेलं नाही, पण "कोणीच कधीच बघू शकत नाही" असंही नाही. तेच दुकानांशी आणि कंपन्यांशी केलेल्या चॅटचं, तिकडे उत्तर देणारा माणूस आहे, त्याचं सॉफ्टवेअर आहे, ते सॉफ्टवेअर चालवणारी तिसरी कंपनी आहे, या सगळ्यांसमोर तुमचा मेसेज उघडाच. चॅटमध्येच एआयला काही विचारलंत तर तेही कंपनीला सांगितल्यासारखंच धरा.

तिसरं, फोन. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधली एक त्रुटी वापरून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर साधारण १,४०० लोकांच्या मागे लावलं गेलं होतं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. फोनच ताब्यात गेला की तुम्ही जे वाचता ते तोही वाचतो, मग अ‍ॅप कुठलंही असो. पण खरं सांगू का, पेगासस आपल्या वाट्याला येत नाही, ते महाग असतं आणि पत्रकार, वकील, कार्यकर्ते, विरोधक अशांसाठी राखून ठेवलेलं असतं. आपल्या वाट्याला येतं ते लिंक्ड डिव्हाइस.

याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे कारण यावर कोणी व्हिडिओ बनवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप कंप्युटरवर उघडायचं असेल तर स्क्रीनवरचा क्यूआर फोनने स्कॅन करायचा, की झालं, पुढचे मेसेज तिकडेही दिसत राहतात. म्हणजे तुमचा अनलॉक केलेला फोन कुणाच्या हातात अर्धा मिनिट राहिला तरी पुरू शकतं. नवरा, बायको, पालक, रूममेट, ऑफिसमधला कुणी. ज्यांना खरंच त्रास झालेला मी जवळून पाहिलाय त्यांच्यात एकही केस कंपनीने किंवा सरकारने मेसेज वाचल्याची नव्हती, सगळ्या अशाच, ओळखीच्या माणसाच्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस म्हणून मेन्यू आहे, सिग्नलमध्येही आहे, टेलिग्राममध्ये डिव्हाइसेस, तिथे जाऊन यादी बघा, जे ओळखीचं नाही ते काढून टाका. फक्त एक, जर समोरचा माणूस हिंसक असेल आणि त्याला काढल्याचं कळलं तर भडकेल अशी परिस्थिती असेल, तर घाईने काढू नका, आधी दुसऱ्या एखाद्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोला.

त्याचबरोबर टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. हे चोरांसाठी. तुमच्या नंबरवर आलेला सहा आकडी कोड कुणी गोड बोलून मागितला आणि तुम्ही दिला, किंवा कुणी तुमचं सिमच दुसरं काढून घेतलं, तरी पिनशिवाय खातं लगेच उघडत नाही. आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, टेबलावर पडलेला फोन शेजारचा वाचतो ना. नोटिफिकेशनची तर वेगळीच भानगड आहे, ती अ‍ॅपल आणि गुगलच्या सर्व्हरवरून येते आणि सरकारं त्यांच्याकडूनही माहिती मागतात हे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रामुळे जगाला कळलं. म्हणजे गेटवरचं रजिस्टर एकाच ठिकाणी नसतं, रस्त्यावरच्या चौकीतपण एक असतं.

बरं, मग पर्याय काय आहेत? सिग्नलचं झालं. थ्रीमा आहे, स्वित्झर्लंडचं, २०१२ पासून, नंबर लागत नाही, आठ अक्षरांचा आयडी मिळतो, पण विकत घ्यावं लागतं आणि तिथेच आपले ९५ टक्के लोक परत फिरतात (हा आकडा माझ्या नातेवाइकांपुरता). २०२३ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात चुका काढल्या होत्या, मला तर हे चांगलंच वाटतं, ज्या अ‍ॅपमध्ये कुणी चुका शोधतच नाही त्याला मी जास्त घाबरते. सेशन नावाच्या अ‍ॅपला नंबर नको, ईमेल नको, मेसेज अनेक ठिकाणांहून फिरवत नेतं, पण दर मेसेजला किल्ली बदलायची ती भारी गोष्ट त्यांनी आपलं वेगळं बांधताना काढून टाकली होती. मेट्रिक्स हे अ‍ॅप नाही, पद्धत आहे, ईमेलसारखी, कुणीही आपला सर्व्हर टाकावा, एलिमेंट नावाचं अ‍ॅप त्यावर चालतं, फ्रान्स सरकारचं टशाप आणि जर्मन सैन्याचा मेसेंजर त्याच्यावरच उभे आहेत. संस्थेसाठी उत्तम, मावशीसाठी डोकेदुखी. ब्रायर हे अ‍ॅप अँड्रॉइडवर चालतं आणि नेट बंद असलं तरी ब्लूटूथ, वायफायवरून जवळच्या फोनशी बोलतं, आंदोलनात किंवा पुरात उपयोगी. फेसबुक मेसेंजरने डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्यांच्या चॅटला कुलूप लावायला घेतलं पण वही कुणाकडे आहे ते माहितीच आहे. आणि साधा एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड, त्यावर काय लिहायचं नाही ते आपले आजोबासुद्धा सांगतील.

"मिलिटरी लेव्हल सुरक्षा" असं लिहिलेलं कुठलंतरी नाव न ऐकलेलं अ‍ॅप मात्र चुकूनही घेऊ नका. एनॉम नावाचं असंच एक होतं, खास गुन्हेगारांमध्ये विकलं जायचं, ते घातलेले १२ हजारांच्या आसपास फोन १०० हून जास्त देशांत गेले, सगळ्यांना वाटायचं आपल्यासारखं गुप्त कोणीच नाही. ते एफबीआयच चालवत होती. प्रत्येक मेसेजची एक कॉपी पोलिसांकडे. जून २०२१ मध्ये एकदम ८०० हून जास्त लोकांना उचललं. ते गुन्हेगार होते, आपल्याला वाईट वाटायचं कारण नाही, पण कोड कुणी बघितलाय, मालक कोण, पैसा कुठून येतो हे न विचारता अ‍ॅप घेणाऱ्या साध्या माणसाची अवस्था काही वेगळी नसते.

आता अवघड भाग, आणि तो टेक्निकल नाहीच. मेसेजिंग अ‍ॅप एकट्याने बदलता येत नाही. ब्राउझर बदलला तर कुणाला कळतही नाही, पण चॅटचं अ‍ॅप म्हणजे तिकडची माणसं, ती आली नाहीत तर तुम्ही जगातल्या सगळ्यात सुरक्षित रिकाम्या खोलीत बसलेले असता. २०२१ मध्ये माझी चूक हीच झाली, मी सगळ्यांना सगळ्यासाठी हलवायला गेले. गुड मॉर्निंगच्या फुलांना काय करायचंय एन्क्रिप्शन. सोसायटीतल्या पाण्याच्या वेळेची वही कोणी वाचली तर वाचू दे.

मग मी अ‍ॅप निवडायचं सोडून चॅट निवडायला लागले. म्हणजे कुठली बोलणी बाहेर गेली तर खरंच अडचण होईल तेवढीच बघायची. आजारपण, पैसे, पासवर्ड, ओळखपत्रांचे फोटो, मुलांचे फोटो, नोकरी सोडायचा विचार, घरातली भांडणं. ती माणसं मोजली तर हातावर मोजण्याइतकी निघतात, आणि तेवढ्यांना हलवणं जमतं. त्यांच्यासोबत सिग्नल, आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू, माझं चार आठवड्यांवर ठेवलंय. पुसलेला मेसेज समोरच्याने स्क्रीनशॉट काढला असेल तर काही करता येत नाही, पण चार वर्षांनी हरवलेल्या फोनमध्ये तो सापडत नाही हे काय कमी आहे. बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, पिन आणि बॅकअपचं कुलूप लावून. ऑफिसचं ऑफिसच्या अ‍ॅपवर, आणि तिथे असं काहीही लिहायचं नाही जे बॉससमोर मोठ्याने वाचता येणार नाही, कारण ते अ‍ॅप कंपनीचं आहे आणि अ‍ॅडमिनला बरंच काही बघता येतं.

सरकारपासून जीव वाचवायचा अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांनी असल्या लेखांवर थांबू नये, त्यांना फोनपासून सगळंच वेगळं लागतं आणि ते समोरासमोर बसून जाणकाराकडूनच शिकावं.

आमच्या त्या तेवीस जणांच्या सिग्नल ग्रुपमध्ये आता चौघी उरलोय, मी, आई, ताई आणि मावशी. मावशी आधी वैतागायची, की दोन-दोन अ‍ॅप कशाला. मग तिच्या तब्येतीचे रिपोर्ट एकाने मोठ्या ग्रुपवर चुकून टाकले आणि दिवसभर चाळीस जणांचे सल्ले आले. तेव्हापासून रिपोर्ट इकडे टाकते आणि फुलं तिकडे. परवा तिने स्वतःहून विचारलं, "ते चार आठवड्यांचं एका आठवड्यावर आणता येतं का गं?"